पायलट व्हायचंय, पण घरची परिस्थिती बेताची आहे: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझा धाकटा भाऊ आज एका विमान कंपनीत सहवैमानिक आहे. आमचे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, आई शिवणकाम करायची. भावाच्या प्रशिक्षणाचा हिशेब पहिल्या दिवसापासून मी ठेवला. दोनशे पानी वही होती, ती भरली आणि दुसरी सुरू झाली. त्याला नोकरी लागल्याची बातमी नात्यागोत्यात पसरली आणि फोन येऊ लागले: "ताई, आमच्या पोराला पण जायचंय, काय करावं लागतं?" एकच गोष्ट वीसदा सांगण्यापेक्षा इथे लिहून ठेवते. आकडे साधारण अंदाजाचे आहेत. संस्थेप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे ते बदलतात.

एकूण किती पैसे लागतात, खरं सांगा.

भारतात राहून कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल, काढायला साधारण ४५ ते ६० लाख. त्यात मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे दोन इंजिनांचं विमान चालवण्याची आणि उपकरणांवर अवलंबून उडण्याची परवानगी, धरलंय. त्यानंतर एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ सारख्या एका ठराविक विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान चालवण्याची परवानगी, लागतं, ते आणखी १२ ते २० लाख किंवा त्याहून जास्त. बरेच पालक पहिला आकडा धरून चालतात आणि सीपीएल हातात आल्यावर दुसऱ्या आकड्यापाशी अडकतात. दोन्ही मिळून ५७ ते ८० लाखांची तयारी लागते हे आधीच मनाशी धरा. राहण्याजेवणाचा खर्च वेगळा.

म्हणून "स्वस्त" या शब्दाला इथे मर्यादा आहे. पाच-दहा लाखांत हे होत नाही, आणि होईल असं सांगणाऱ्याच्या ऑफिसातून उठून या. वाचतात ते पैसे वाया जाणारे: उगाच वाढलेले महिने, परत उडवावे लागलेले तास, दोनदा भरलेली फी, गरज नसताना घेतलेला मोठा कोर्स. आमच्या वहीप्रमाणे अशा गोष्टींत जवळजवळ नऊ लाख गेले. ते टाळता आले असते.

एवढा पैसा जातो कशात?

उड्डाणात. सीपीएलसाठी किमान २०० तास विमान चालवावं लागतं. त्यातले १०० तास स्वतः पायलट-इन-कमांड (पीआयसी), म्हणजे विमानाचा प्रमुख म्हणून, २० तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे प्रवास, आणि त्यात एक ३०० नॉटिकल मैलांचा प्रवास दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. शिवाय रात्रीचं उड्डाण आणि उपकरणांवर अवलंबून केलेलं उड्डाण. एका इंजिनाच्या सेसना १७२ चा तास साधारण १३ ते २० हजारांना पडतो, दोन इंजिनांच्या विमानाचा त्याच्या अडीच-तीन पट.

तासाचा दर असा का, हे मी एकदा हँगरमधल्या मेकॅनिककाकांना विचारलं होतं. सेसना तासाला तीस-पस्तीस लिटर अॅवगॅस पिते. हे इंधन म्हणजे आपल्या मोठ्या विमानांचं इंधन नव्हे. ते वर्षानुवर्षं परदेशातून यायचं, २०२२ पासून इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवायला सुरुवात केली. सुटे भाग अजूनही डॉलरमध्येच येतात. डायमंड कंपनीची काही विमानं जेट इंधनावर चालतात, ते त्या मानाने स्वस्त पडतं. संस्थेत कोणती विमानं आहेत हे विचारण्यामागे पैशाचंही कारण आहे ते असं.

पहिला रुपया कुठे खर्च करायचा?

मेडिकलवर. आधी मेडिकल, मग पेपर, मग उड्डाण. या क्रमात सगळ्यात मोठा खर्च सगळ्यात शेवटी येतो, आणि मधल्या कुठल्याही पायरीवर थांबावं लागलं तर नुकसान हजारांत राहतं, लाखांत जात नाही.

डीजीसीएने, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, नेमलेल्या डॉक्टरांकडे आधी क्लास २ मेडिकल होतं. डोळे, कान, ईसीजी, छातीचा एक्स-रे, रक्त-लघवी, सगळं तपासतात. ते पास झाल्यावर डीजीसीएच्या मान्यताप्राप्त केंद्रावर किंवा डॉक्टरांकडे क्लास १. विमान कंपनीत उडायला क्लास १ च लागतं. दोन्ही मिळून खर्च काही हजारांचा. बहुतेक संस्था क्लास २ वर प्रवेश देतात आणि "क्लास १ नंतर बघू" म्हणतात. तुम्ही ऐकू नका. क्लास १ हातात येईपर्यंत उड्डाणाच्या फीचा एकही हप्ता भरू नका.

भावाच्या बॅचमध्ये एक मुलगा होता. नऊ लाख भरून झाल्यावर क्लास १ मध्ये त्याच्या रंगदृष्टीत दोष निघाला. त्याच्या वडिलांचा चेहरा मला अजून आठवतो.

चष्मा आहे. चालेल का?

चालतो. चष्म्याने नजर ठरलेल्या मापात येत असेल तर चष्मा आहे म्हणून कुणी नापास करत नाही. लेझर शस्त्रक्रिया झालेली असली तर तिचे कागद जपून ठेवा, तपासणीत लागतात. कधीकधी "तात्पुरते अपात्र" असा शेरा मिळतो. घाबरू नका, उपचार घेऊन पुन्हा तपासणी करता येते.

मुलाने बारावी कॉमर्समधून केली. आता रस्ता बंद?

सीपीएलसाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं, हा आजवरचा नियम. पण त्यासाठी पुन्हा कॉलेजात जायची गरज नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, हे दोन विषय बारावीच्या पातळीवर वेगळे देता येतात. फी अगदी कमी. कितीतरी कॉमर्स आणि आर्ट्सची मुलं याच वाटेने गेली आहेत. सायन्स अनिवार्य असावं का यावर मधूनमधून चर्चा होते, बातम्या येतात. नियम प्रत्यक्ष बदलेपर्यंत बातमीच्या भरवशावर राहू नका.

एक कंटाळवाणं पण महत्त्वाचं काम: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका बोर्डाकडून पडताळून घ्याव्या लागतात, त्याशिवाय डीजीसीएच्या परीक्षेला लागणारा कॉम्प्युटर नंबर मिळत नाही. निकाल लागला की लगेच अर्ज टाका. नावाचं स्पेलिंग आधार, पासपोर्ट आणि गुणपत्रिकेवर एकसारखं आहे ना, हे त्याच दिवशी बघा. आमच्याकडे आडनावातल्या एका अक्षरापायी दीड महिना गेला.

आमचं सगळं शिक्षण मराठी माध्यमात. इंग्रजीचं कसं होणार?

होतं. भाऊ दहावीपर्यंत मराठी शाळेतच होता. परीक्षा इंग्रजीत असतात, रेडिओवरचं बोलणं इंग्रजीत असतं आणि आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे इंग्रजी बोलण्याची किमान चौथी पातळी लागते. पण हे इंग्रजी भाषणबाजीचं नाही. ठरलेली वाक्यं, स्पष्ट उच्चार, समोरच्याने सांगितलेलं जसंच्या तसं परत म्हणणं. भावाने स्वयंपाकघरात आईसमोर उभं राहून रोज अर्धा तास रेडिओची वाक्यं मोठ्याने म्हटली. शेवटी शेवटी आईलाही "क्लिअर्ड टू लँड" पाठ झालं होतं.

पेपर कोणते, आणि क्लास लावावाच लागतो का?

एअर नॅव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी म्हणजे हवामान, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक. प्रत्येकात ७० टक्के लागतात, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. रेडिओचं लायसन्स, आरटीआर, वेगळं. पूर्वी ते दूरसंचार खात्याकडे होतं, नव्या भारतीय वायुयान अधिनियमाने ते डीजीसीएकडे आणलं.

पुण्या-मुंबईत आणि दिल्लीत ग्राउंड क्लासची, म्हणजे या पेपरांच्या शिकवणीची, फी दोन ते साडेतीन लाखांपर्यंत जाते. सगळ्या विषयांना क्लास लावणं ही सवय आहे, गरज नाही. बारावीचं भौतिकशास्त्र बरं असेल तर टेक्निकल आणि रेग्युलेशन्स घरी अभ्यास करून निघतात. नॅव्हिगेशनला बहुतेकांना शिक्षक लागतो, आरटीआरच्या तोंडी परीक्षेलाही लागतो. भावाने नॅव्हिगेशन आणि आरटीआर एवढ्याचेच पैसे भरले, हवामानाचा पेपर दुसऱ्या प्रयत्नात काढला आणि तरीही निम्म्याहून जास्त फी वाचली.

मात्र उड्डाण सुरू होण्याआधी निदान तीन पेपर खिशात असू द्या. उड्डाण चालू असताना पेपर मागे राहिला की अभ्यासासाठी उड्डाण थांबवावं लागतं. परत सुरू केलं की हात बसवायला चार-पाच तास जादा, म्हणजे पाऊण लाख. शिवाय पेपर निघाले की मुलाला हे खरंच जमतंय का, तेही कळतं. ते कळायला वीस-तीस हजार लागतात, तीस लाख नव्हे.

संस्था कोणती निवडावी?

नाव सांगा म्हणून सगळ्यात जास्त आग्रह याच प्रश्नाला होतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: सरकारी प्रवेश परीक्षा आधी द्या.

उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यात फुरसतगंजला इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे. केंद्र सरकारची संस्था, प्रवेश परीक्षेतून निवड, नियमाप्रमाणे आरक्षण. फी तिथेही ४५ लाखांच्या घरात आहे, पण व्यवस्था आणि शिस्त पाहता त्या पैशाला मोल आहे. परीक्षेत इंग्रजी, गणित, भौतिकशास्त्र आणि तर्क विचारतात. अर्जाला फी आहे, पण एकूण खर्चापुढे ती काहीच नाही म्हणा ना.

महाराष्ट्रातही पर्याय कमी नाहीत. गोंदियाला बिरसी विमानतळावर राष्ट्रीय स्तराची संस्था आहे. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ चा, जे. आर. डी. टाटा तिथेच उडायला शिकले. त्याचं उड्डाण प्रशिक्षण आता धुळ्याला चालतं. शिरपूर, बारामती, जळगाव इथेही प्रशिक्षण चालतं, नागपूरचा क्लब राज्य सरकारचा. घराजवळची संस्था घेतली तर राहण्याचे पैसे वाचतात. दोन वर्षांत हा आकडा चार-पाच लाखांपर्यंत जातो.

२०२५ पासून डीजीसीए संस्थांची श्रेणीही जाहीर करू लागली आहे. ती आधी बघा. मग स्वतः जा, आणि ऑफिसात बसण्याआधी हँगरच्या बाहेर उभे राहा. किती विमानं आज खरोखर उडत आहेत ते मोजा. माहितीपत्रकात दहा लिहिलेली असतात, त्यातली तीन इंजिनाविना उभी असतात. एका विमानामागे विद्यार्थी किती, इन्स्ट्रक्टर किती, गेल्या वर्षी किती मुलांचे २०० तास पूर्ण झाले, आणि किती महिन्यांत? शेवटच्या बॅचमधल्या दोन मुलांशी चहाच्या टपरीवर बोला, संस्थेच्या माणसासमोर नको. देखभाल कशी आहे आणि अपघात किती झाले, हेही न संकोचता विचारा. दोन लाख कमी घेणारी पण खराब हवेतही "जाऊन ये" म्हणणारी संस्था मला फुकटातही नको.

आणि कुणी "तास लॉगबुकात (उड्डाणाच्या नोंदवहीत) भरून देतो" म्हणाला तर तिथून निघा. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर लायसन्स काढल्याचं प्रकरण उघडकीला आलं, अटका झाल्या. कागदावरचे तास विमानात बसलेल्या माणसांना वाचवत नाहीत.

दीड वर्षात होईल असं संस्था म्हणते. खरंच होतं का?

महाराष्ट्रात क्वचित. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढग खाली आलेले असतात, उड्डाणाचे दिवस बोटांवर मोजण्याइतके. दोन ते अडीच वर्षं धरून चाला. म्हणून जून-जुलैमध्ये उड्डाणाची फी भरून बसणं मला पटत नाही. पावसाळ्यात पेपर द्या, ऑक्टोबरात विमानात बसा. हिवाळ्यातली सकाळची स्थिर हवा शिकणाऱ्याला सगळ्यात चांगली असते. हा साधा हिशेब आम्हाला कुणी सांगितला नव्हता. आम्ही मे महिन्यात सुरू केलं आणि चार महिन्यांत अकरा तास झाले. खोलीभाडं मात्र चारही महिन्यांचं गेलं.

एकरकमी फी भरली तर सवलत देतात. घ्यावी का?

नाही. हे सांगताना माझा आवाज चढतो, माफ करा.

आम्ही दोन लाखांच्या सवलतीसाठी फीचा मोठा भाग आधी भरला होता. त्यानंतर संस्थेची चारपैकी दोन विमानं सुट्या भागांसाठी उभी राहिली आणि भावाचे सात महिन्यांत एकतीस तास झाले. सोडून दुसरीकडे जावं तर पैसे अडकलेले. वडील तीनदा रातराणीने जाऊन आले. प्रत्येक वेळी चहा मिळाला, तारीख मिळाली नाही. पुढे रक्कम परत आली ती कापून, आणि वर्षभराने.

उडालेल्या तासांचे पैसे त्या टप्प्याला भरायचे, अशी बोली करा. निदान ४०-५० तासांचे टप्पे पाडून घ्या. करारात या गोष्टी लेखी असू द्या: तासाचा दर, इंधन वाढलं तर किती वाढेल, विमान नसल्यामुळे उशीर झाला तर काय, सोडलं तर परतावा किती दिवसांत, परीक्षेच्या उड्डाणाचे आणि लँडिंगचे पैसे कुणाकडे. पावती प्रत्येक रुपयाची घ्या. डीजीसीए-मान्य संस्थेच्या मान्यताप्राप्त उड्डाण अभ्यासक्रमाला जीएसटी माफ असल्याचं २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने स्पष्ट केलं आहे, तेव्हा फीवर १८ टक्के लावलेले दिसले तर कारण विचारा.

परदेशात लवकर आणि स्वस्तात होतं म्हणतात.

लवकर होतं, हे खरं. अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड इथे हवा आणि विमानं दोन्ही जास्त मिळतात, वर्षभरात तास पूर्ण होतात. स्वस्त मात्र जेमतेम. व्हिसा, विमा, राहणं, रुपयाची घसरण आणि परत आल्यावर लायसन्स भारतीय करून घेण्याचा खर्च मिळवला की आकडा इथल्या जवळपास येतो. भारतीय पेपर आणि क्लास १ मेडिकल चुकत नाहीत, ते आधीच करून जा. अमेरिकेतल्या काही शाळांत १९० तासांत तिथलं लायसन्स मिळतं, पण आपल्याकडे २०० भरावेच लागतात. १०० तास पीआयसी आणि ३०० मैलांचं उड्डाणही आपल्या नियमाप्रमाणेच लागतं. मुलं दहा तासांसाठी अडकलेली मी पाहिली आहेत.

कर्ज मिळतं का? हप्ता किती बसेल?

मिळतं. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत डीजीसीए-मान्य पायलट प्रशिक्षण येतं. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यावर मात्र घर, प्लॉट किंवा ठेव मागतात. कोर्स आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, परतफेड पंधरा वर्षांपर्यंत करता येते.

आता वहीतला हिशेब. ५० लाख, ११ टक्के, दहा वर्षं: हप्ता साधारण ६९ हजार. पण हप्ते सुरू होण्याआधीच्या काळातलं व्याज चढतच असतं. सगळी रक्कम पहिल्या दिवशीच उचलली आणि अडीच वर्षं काहीच भरलं नाही, तर पावणेचौदा लाख वाढून हप्ता जवळपास ८८ हजारांवर जातो, आणि दहा वर्षांत एकूण एक कोटी पाच लाख भरले जातात. म्हणून कर्ज टप्प्याटप्प्याने उचला, उडेल तेवढंच. आणि शिकण्याच्या काळात निदान व्याज भरत राहा. आईने शिवणाचे पैसे यासाठीच बाजूला काढले होते. जुन्या करप्रणालीत या व्याजावर आठ वर्षं वजावट मिळते.

शेत विकून भरलं तर? कर्जच नको.

वावर विकू नका. हे मी हात जोडून सांगते.

बहुतेक बँका शेतजमीन शैक्षणिक कर्जाला तारण घेत नाहीत, कारण वसुलीचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. मग गावातले लोक सरळ विक्रीकडे वळतात. पण नोकरी कधी लागेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट २०१९ मध्ये, मग करोना आला, २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली. त्या त्या वेळी लायसन्स घेऊन बसलेली मुलं वर्षानुवर्षं थांबली. पुढे बऱ्याच जणांना नोकऱ्या लागल्या, आज मागणीही आहे. पण त्या मधल्या वर्षांत घर कशावर चालणार? जमीन असेल तर मूल निर्धास्त थांबू शकतं. भरायला पैसे नसतील तर दोन वर्षं थांबून साठवा. अठराव्या वर्षीच लायसन्स काढलं पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही, चोवीस-पंचविसाव्या वर्षी सुरू करणारेही पुष्कळ आहेत.

शिष्यवृत्ती कोणती आहे?

मोजक्या आहेत, पण आहेत. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी केंद्राची टॉप क्लास योजना आहे. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असावं लागतं. यादीतल्या खासगी फ्लाइंग क्लबमधल्या प्रशिक्षणाला वर्षाला ३.७२ लाखांपर्यंत मदतीची तरतूद त्यात होती. इतर मागास, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरच्या महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबबरोबर २० जागांची योजना राबवली होती. अशा जाहिराती वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येतात आणि मुदत पंधरा-वीस दिवसांची असते. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास ताजे करून फाइलमध्ये ठेवा. जाहिरात आल्यावर तहसीलला धावणारे मागे राहतात.

हवाई दलातून गेलं तर फुकटात होतं ना?

प्रशिक्षणाला पैसे लागत नाहीत, उलट वेतन मिळतं. बारावीनंतर खडकवासल्याची एनडीए, पदवीनंतर एएफकॅट ही हवाई दलाची प्रवेश परीक्षा. एएफकॅटमधून उड्डाण शाखेत २० ते २४ वयात जाता येतं, सेवा १४ वर्षांची. नंतर हवाई दलातले तास धरून नागरी लायसन्स काढता येतं. दहावीनंतर एनडीएच्या तयारीसाठी छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. मुलींसाठी तशीच सोय नाशिकला झाली आहे.

पण विमान कंपनीकडे जायची शिडी म्हणून हवाई दलाकडे पाहू नका. ते वेगळं आयुष्य आहे, त्याची किंमतही वेगळी आहे. मुलाला गणवेश हवासा वाटत असेल तर यासारखी वाट नाही.

विमान कंपनीचे कॅडेट प्रोग्रॅम कसे असतात?

सीपीएल आणि टाइप रेटिंग एकत्र, निवड आधी आणि अटींवर नोकरीचं पत्र. खर्च कोटीच्या घरात जातो. ज्यांच्याकडे तारण आहे त्यांनी विचार करावा. बाकीच्यांनी तुकड्यातुकड्यांनी जावं, कारण मध्ये थांबता येतं.

पदवी करावी का?

लायसन्ससाठी लागत नाही. तरी करा, पण स्वस्तातली. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूतून बीकॉम, बीए काहीही. वर्षाला काही हजारांत होतं. एव्हिएशनच्या महागड्या पदवीने पायलटच्या नोकरीत फार फरक पडताना मी पाहिलेला नाही. पण मेडिकल एखाद्या वर्षी अडलं तर साधी पदवी उपयोगाला येते.

मुलगी आहे. तिच्यावर एवढा खर्च करावा का?

मुलगा असता तर केला असता का? मग करा. भारतातल्या पायलटांत सुमारे १५ टक्के स्त्रिया आहेत, जगात हे प्रमाण फार थोड्या देशांत आहे. सौदामिनी देशमुख यांनी १९८५ मध्ये पूर्ण स्त्री-कर्मचाऱ्यांचं विमान नेलं, त्याला चाळीस वर्षं झाली.

सीपीएल झालं, आता टाइप रेटिंग लगेच करावं?

थांबा. कंपन्यांच्या जाहिराती बघा: कुणाला कोणतं रेटिंग हवंय, की रेटिंगशिवाय घेऊन स्वतः करून घेणार आहेत. भावाच्या दोन मित्रांनी घाईने एका विमानाचं केलं आणि भरती दुसऱ्याची निघाली. त्या काळात भावाने ग्राउंड क्लासला शिकवलं, लेखी परीक्षेची तयारी केली आणि घरखर्चाला हातभार लावला. मुलाखतीत त्याला बहुतेक प्रश्न जुन्या पेपरांमधलेच आले.

मेडिकलमध्ये कायमचं अपात्र ठरवलं. आता?

आधी अपील करता येतं, ते करा. नाहीच झालं तर भौतिकशास्त्र-गणित घेऊन बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग करून भारतीय विमानतळ प्राधिकरणात एअर ट्रॅफिक कंट्रोलर होता येतं. खर्च साध्या पदवीचा आणि नोकरी सरकारी. त्याचं मेडिकल वेगळं असतं, ते आधी बघून घ्या. विमान देखभालीचं एएमई लायसन्स ही दुसरी वाट.

मुलगी दहावीत आहे. आत्ता काय करू?

अकरावीला सायन्स, गणितासकट. कॉलेजात एनसीसीची एअर विंग असेल तर तिथे नाव घाला, मायक्रोलाइट या छोट्या विमानात बसायला मिळण्याची संधी असते. पासपोर्ट काढून ठेवा. सोळाव्या वर्षी स्टुडंट पायलट लायसन्स काढता येतं, पण घाई नको. या दिवाळीच्या सुट्टीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन रंगदृष्टी तपासून घ्या. पुस्तकातले ठिपके ओळखायची दहा मिनिटांची तपासणी असते ती.